निरर्थक उच्चार

"रुग्ण सलग बोलते, परंतु उच्चार निरर्थक आहेत." हे अहवालातलं दुसरं वाक्य. पहिल्यात आईचं वय आणि झटक्याची तारीख होती. तिसऱ्यात निष्कर्ष होता: आकलन गंभीररीत्या बाधित, उपचाराला प्रतिसाद मिळण्याची शक्यता अल्प.

तिसऱ्या वाक्याचा साध्या बोलीत अर्थ असा होता की आईला वाचा-उपचार विभागात जागा मिळणार नाही. मेंदूत गुठळी अडकून तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं अडखळू लागलं होतं. गेलेलं बोलणं सुरुवातीच्या काही महिन्यांत जेवढं परत आणता येतं तेवढं नंतर येत नाही, हे मी वाचलं होतं. विभागात खाटा मोजक्या होत्या आणि त्या कुणाला द्यायच्या ते सोमवारी ठरणार होतं. आज शुक्रवार होता.

विभागप्रमुखांच्या खोलीत मी उभी राहूनच बोलले, कारण खुर्चीवर फायली होत्या आणि त्या त्यांनी उचलल्या नाहीत.

"आई घरी बोलते," मी म्हणाले. "अडखळते, शब्द शोधते, पण बोलते. काल तिने मला खिडकी लावून घ्यायला सांगितली."

"घरच्यांना तसं वाटतं." टेबलावर त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. बोलताना तो बोटाने फिरवायची त्यांना सवय होती. "आपल्या माणसाच्या आवाजात आपण अर्थ ऐकतो. ते प्रेम असतं. ते निदान नव्हे."

"चाचणी कोणत्या भाषेत घेतलीत?"

"तुमच्याच."

"ती आमची नाही."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. भाषेच्या रकान्यात बावीस नावं होती. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जेवढी आहेत तेवढीच. त्यांतल्या एका नावापुढे आईच्या अर्जात खूण केलेली होती.

"चाचणी या बावीस भाषांत उपलब्ध आहे. थोडीथोडकी नव्हे," ते म्हणाले. "आणि तुमची भाषा हिचीच बोली धरतात ना?"

"धरतात."

"मग झालं तर! बोली म्हणजे काय बाई, चार शब्द इकडचे तिकडे."

मी पाणी तपासते. शहराला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते सांगायचं हे माझं काम. म्हणून मी त्यांना माझ्या कामातलं उदाहरण दिलं. एखादं विष आमच्या यंत्राला दिसत नसेल, तर पाणी शुद्ध आहे असं आम्ही लिहीत नाही. यंत्राला ते दिसत नाही, असं लिहितो.

"पाणी वेगळं, माणूस वेगळा," ते हसून म्हणाले.

"हो. पाण्याच्या बाबतीत आम्ही जास्त काळजी घेतो."

हसणं थांबलं. त्यांनी आईच्या उत्तरांचा कागद माझ्यापुढे सरकवला, बहुधा मी निघून जावं म्हणून. किल्लीचं चित्र दाखवलं: रुग्ण 'जीभ' म्हणाली. कुलपाचं चित्र: 'तोंड'. 'जीभ दाखवा' अशी सूचना दिली: रुग्णाने टेबलाकडे बोट दाखवलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं, शब्दांची गंभीर अदलाबदल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अक्षरं क्षणभर दिसेनात.

आमच्या भाषेत कुलपाला तोंड म्हणतात आणि किल्लीला जीभ. दाराला तोंड लावलं का, जीभ कुठे ठेवलीस, हे आम्ही दिवसातून दहादा बोलतो. तोंडातल्या जिभेला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, लोळी. आईला कुणीतरी जीभ दाखवा म्हणालं आणि तिने समोर, टेबलावर पडलेला किल्ल्यांचा जुडगा दाखवला. अर्धं अंग लुळं पडलेलं असताना, डाव्या हाताने, अचूक.

मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी जुडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"प्रत्येक कुटुंब असं काहीतरी घेऊन येतं," ते म्हणाले. "पुरावा आहे?"

"उद्या आणते."

*

घरी दादा आला होता. त्या दिवशी चाचणीच्या वेळी तोच आईबरोबर होता, कारण मला प्रयोगशाळेतून सुट्टी मिळाली नव्हती. आई खिडकीपाशी झोपली होती. खालच्या दुकानातून मावशीच्या इस्त्रीची वाफ आणि गरम सुती कापडाचा वास वर येत होता. आई आणि मावशी, दोघी बहिणींनी मिळून हे इस्त्रीचं दुकान जन्मभर चालवलं. गिऱ्हाइकांशी बोलायला लागते तेवढी यादीतली भाषा दोघींना येते: किती कपडे, कधी हवेत, हा डाग आधीचाच आहे. बाकी सगळं आयुष्य त्यांनी आमच्या भाषेत काढलं.

"भाषेच्या रकान्यात खूण कुणी केली?" मी विचारलं.

"मी." दादाने चहाचा कप खाली ठेवला. "आपली त्यात नव्हतीच. कोरं सोडलं तर पुढचं पान उघडत नव्हतं."

"मग सांगायचंस ना, की नाहीये म्हणून."

"कुणाला सांगायचं? मागे रांग उभी, काउंटरवरचा 'आटपा, आटपा' करतोय, आणि मी त्याला सांगत बसू की आमची एक निराळीच भाषा आहे हो?"

"हो."

"तुला सोपं आहे. तू पाण्याशी बोलतेस. मी दिवसभर माणसांशी बोलतो."

दादा बँकेत खिडकीवर बसतो. शाळेत असताना त्याच्या उच्चारांवर वर्ग हसायचा. एकदा फळ्यावर त्याचं वाक्य लिहून सगळ्यांनी त्यातल्या चुका मोजल्या होत्या. त्यानंतर तो घरातसुद्धा यादीतलीच भाषा बोलू लागला, आणि आई त्याला आमच्या भाषेत उत्तर द्यायची. दोघांचं असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्याच्या मुलांना आजीचं बोलणं कळत नाही. ती तिला 'आजी, नीट बोल ना' म्हणतात आणि दादा त्यांना रागावत नाही.

"निरर्थक म्हणे," मी म्हणाले. "तू तिथेच होतास. काय बोलली ती?"

"काय बोलणार. आवाज होता नुसता." त्याने कप पुन्हा उचलला. तो रिकामा होता. "चहा आहे का अजून?"

*

नमुना तपासायच्या आधी आम्ही यंत्रात कोरं पाणी घालतो, ज्यात काहीही नाही असं आपल्याला नक्की ठाऊक आहे. त्या पाण्यातही यंत्राने दोष दाखवला तर दोष यंत्रात असतो. याला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँक न घेता आलेला निकाल आमच्याकडे कुणी वाचतसुद्धा नाही, थेट टोपलीत जातो.

माझी ब्लँक होती मावशी. आईची धाकटी बहीण, एकाच घरात, एकाच भाषेत वाढलेली. अंगाने खणखणीत, डोक्याने माझ्याहून तल्लख.

"मी काय करायचं म्हणतेस?" सकाळी निघताना तिने विचारलं.

"काही नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं."

"ते तर रोजच देते. म्हणून तर कुणाशी पटत नाही माझं. टोचणार नाहीत ना?"

"नाही गं."

"दवाखान्याची पायरी आजवर चढले नाही मी. तुझ्या आईपायी आज तेही."

दादाही आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. "तू तिथे तमाशा करशील म्हणून येतोय," म्हणाला.

विभागप्रमुख मावशीला बघून वैतागले. कल्पना समजावून सांगितल्यावर आणखीच वैतागले. पण त्यांच्या हाताखालची थेरपिस्ट, बारीक आवाजाची एक तरुण मुलगी, म्हणाली, "सर, दहा मिनिटांचं काम आहे." आणि मावशी तोवर खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवून बसलीसुद्धा होती.

चित्रं विभागप्रमुखांनीच दाखवली. थेरपिस्ट उत्तरं लिहीत होती.

किल्ली. "जीभ," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "इतकं सोपं विचारतात?"

कुलूप. "तोंड."

छत्री, कात्री, शिडी. मावशीने आमचे शब्द सांगितले. विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर प्रत्येक उत्तराला तोच भाव होता, बहुधा आईच्या वेळीही तोच असणार. डोळ्यांत करुणा आणि बोटांना घाई.

"आता मी सांगतो तसं करा. जीभ दाखवा."

मावशीने कमरेची पिशवी उघडली, किल्ली काढली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "ही दुकानाची. घरची पण दाखवू?"

थेरपिस्टने मान खाली घातली. मग बेरीज केली आणि अगदी हळू म्हणाली, "सर, यांचंही आकलन... गंभीररीत्या बाधित येतंय."

"काय म्हणतेय ही चिमणी?" मावशीने विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे मी कामातून गेले?" मावशी यादीतल्या भाषेत, दुकानातल्या आवाजात म्हणाली. "साहेब, अंगातला सदरा कुणाच्या हातची इस्त्री आहे? कॉलर बघूनच ओळखली मी. इतकी बाधित बाई चालते काय तुम्हाला?"

सदरा खरोखरच आमच्या दुकानातला होता. विभागप्रमुखांचा हात नकळत कॉलरकडे गेला. दादा भिंतीकडे बघत राहिला.

मला वाटलं, संपलं. ब्लँकमध्ये दोष निघाला, म्हणजे यंत्र बाद. प्रयोगशाळेत इथेच संपलं असतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "या चाचणीने तुमच्या आईला मोजता येत नाही, हे मान्य. पण मग त्यांची सुधारणा तरी कशी मोजणार? जिची प्रगती मोजता येत नाही, तिला मी खाट देऊ शकत नाही. मला वर उत्तर द्यावं लागतं."

आधी आई चुकीच्या भाषेत नापास झाली म्हणून जागा नव्हती, आता बरोबर भाषेची परीक्षाच नाही म्हणून जागा नव्हती. बावीस दारं असलेल्या घरात भिंतच आमच्या वाट्याला आली होती, आणि हा माणूस मला शांतपणे समजावत होता की भिंत किती मजबूत आहे.

"शिवाय," त्यांनी पुढे चालवलं, "शब्दांचं सोडा. सलग बोलण्याचं काय? ते तर कुठल्याच भाषेत नव्हतं. ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे."

"सर, त्याची काही गरज नाही," दादा एकदम म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

विभागप्रमुखांनी कळ दाबली. आधी त्यांचाच आवाज आला: हे काय आहे? आणि हे? नीट बघा. मग आईचा श्वास, एक अर्धवट शब्द, पुन्हा तोच अर्धवट शब्द. मग अडखळत, थांबत, एकेक पायरी चाचपत उतरावं तशी ती बोलत गेली आणि शेवटी तिचा आवाज ठामपणे टेकला. मागे पुन्हा त्यांचा आवाज: लिहा, निरर्थक.

मावशीने दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलत होते. थेरपिस्ट घाबरून उठली, पाणी आणू का म्हणाली.

"अगं बाई गं!" मावशीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं. "अख्खी दिली की! एक कणी सांडली नाही!"

"काय दिलं?"

"शिवी! आमची आई द्यायची ती. मी अर्धी विसरले होते."

मला हसू आलं नाही. मी दादाकडे वळले आणि आमच्या भाषेत बोलले. "तू खोलीत होतास."

तो दाराकडे सरकला.

"तुला कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. आणि ते निरर्थक लिहीत होते तेव्हा तू मूग गिळून बसलास."

"मग काय सांगणार होतो मी?" त्याने यादीतल्या भाषेतच उत्तर दिलं. "डॉक्टर, आई तुम्हाला शिव्या घालतेय, असं? ते आपल्याला कसले लोक समजले असते?"

"आता ते तिला वेडी समजतात. ते चाललं तुला?"

तो भित्रा आहे, वाईट नाही, हे मला माहीत आहे. त्या क्षणी मला त्याचा जो राग आला तसा विभागप्रमुखांचाही आला नव्हता. त्यांना आमची भाषा येत नव्हती. याला येत होती.

"शिवी," विभागप्रमुख म्हणाले. त्यांचा सूर परत आला होता. "तर मग ऐका. पाठ असलेल्या गोष्टी, प्रार्थना, आकडे, शिव्या, या अशा रुग्णांत शिल्लक राहतातच. ती सवय असते. भाषा शाबूत असल्याचं ते लक्षण नाही. हे शास्त्र आहे."

हे खरं होतं. मीही वाचलं होतं. मावशीला मी त्याचा अर्थ सांगितला तसं तिचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"पाठ?" ती म्हणाली. "पाठ कुठली? आमची आई म्हणायची, जो माझी वाट अडवतो त्याचं असं होवो न् तसं होवो. वाट अडवतो! ही काय म्हणाली ते ऐकलंत का? पुन्हा लावा ते."

थेरपिस्टने पुन्हा लावलं. तिने सरांकडे पाहिलं नाही.

"कुणीतरी अर्थ सांगाल का?" विभागप्रमुख म्हणाले.

"सर, तसं काही विशेष नाही," दादाने सुरुवात केली.

"मी सांगते," मी म्हणाले. "शब्दशः सांगते, म्हणजे मोजायला सोपं जाईल."

आणि मी सांगितलं. अहवाल वाचतात तशा आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघून, त्यांच्याच मान्य भाषेत.

"'जो म्हाताऱ्या बाईला पोरासोरांची चित्रं दाखवतो आणि तिचं न ऐकता तिला मुकी ठरवतो, त्याच्या चुलीवरचं पाणीसुद्धा करपो, आणि त्याची किल्ली त्याच्याच कुलपात मोडो.'"

जुडगा फिरवणारं बोट थांबलं होतं.

"चित्रं दाखवणारा भाग जुन्या शिवीत नाही," मी म्हणाले. "तो तिने तिथे, तुमच्यासमोर बसून रचला. 'जो' आणि 'त्याच्या' यांचा मेळ बघा. शाप देताना आमच्या क्रियापदाचं शेपूट बदलतं, ते दोन्ही ठिकाणी बदललं आहे. एके ठिकाणी अडखळली, पण चुकली नाही. शेवटच्या भागाचे मात्र दोन अर्थ होतात. तिचे मूळ शब्द 'जीभ' आणि 'तोंड'; आमच्याकडे ते किल्ली आणि कुलूप, तुमच्या यादीप्रमाणे घेतलं तर खरीखुरी जीभ आणि तोंड. तुम्हाला हवा तो घ्या."

"त्याच्याच तोंडात," थेरपिस्ट पुटपुटली आणि लगेच ओठ मिटले.

विभागप्रमुखांनी ध्वनिमुद्रण बंद केलं. मग त्यांनी किल्ल्या उचलून खिशात टाकल्या.

"मोजणार कसं, हा प्रश्न राहतोच," ते म्हणाले, पण आता मला उद्देशून नाही.

"मोजता येईल, सर," थेरपिस्ट म्हणाली. "या मावशी त्याच चित्रांना काय म्हणतात ते आपल्याकडे आता आहे. आजींची उत्तरं त्याच्याशी ताडून बघायची. जिथे दोघींचं जुळतं तिथे आजार नाही. जिथे जुळत नाही तिथेच काम करायचं."

"मावशी म्हणजे प्रमाणित चाचणी नव्हे!"

"नाही कशी?" मावशी म्हणाली. "आत्ता नापास केलंत ना मला? मग परीक्षेला बसलेली खरी की नाही मी?"

*

आईला जागा मिळाली. अहवालातलं दुसरं वाक्य थेरपिस्टने खोडलं आणि लिहिलं: वाक्यरचना बहुतांशी शाबूत, शब्द शोधण्यात अडचण. भाषेच्या रकान्यातली खूण मात्र होती तिथेच आहे. तिने तिथे आमच्या भाषेचं नाव घालून पाहिलं. संगणकाने ते घेतलं नाही. आई बरी होईल ती कागदोपत्री दुसऱ्याच भाषेत बरी होईल, आणि त्या भाषेच्या आकड्यांत आणखी एका बाईची भर पडेल.

दोघींची उत्तरं ताडून पाहिल्यावर जे उरलं ते फार नव्हतं, पण ते खरं होतं. कात्रीला आईकडे शब्दच उरला नव्हता. छत्रीचाही नाही. आणि माझं घरातलं नाव तिला सापडत नव्हतं. ती मला बघून हात हलवत राहायची, ओठ जुळवायची, मग डोळे मिटून घ्यायची. त्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. दादावर काढते. तो रोज संध्याकाळी येतो, खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो. परवा त्याने आमच्या भाषेत 'झोप लागली का' असं विचारलं. क्रियापद चुकलं. आईने ते हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्त करून त्याला परत दिलं. मी मदत केली नाही. त्यालाही नाही, तिलाही नाही.

मावशी दुकान उघडायच्या आधी येते आणि चित्रांपुढे बसते. थेरपिस्टला ती चिमणीच म्हणते, आणि चिमणी वहीत लोळी, तोंड, जीभ असं लिहून घेते.

नंतरच्या एका सोमवारी विभागप्रमुख फेरीवर आले. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. किल्ल्यांचा जुडगा आता त्यांच्या पट्ट्याला लटकत होता. आईच्या खाटेशी ते थांबले, वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "काय आजी, जीभ दाखवा बघू."

आईने पट्ट्याकडे पाहिलं. डावा हात पांघरुणातून थोडासा उचलला. मग तो परत खाली ठेवला, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लोळी बाहेर काढली. चांगली हनुवटीपर्यंत.

"वा!" ते घोळक्याकडे वळून म्हणाले. "बघा, सूचना समजायला लागली. छान. आता आत घ्या, आजी."

आईने ती आत घेतली नाही. ते पुढच्या खाटेशी गेले, तिथून त्याच्या पुढच्या, आणि ती मान वळवत वळवत त्यांच्याकडे बघत राहिली, लोळी तशीच बाहेर ठेवून, ते दारातून दिसेनासे होईपर्यंत.